कॉलेजची वही आणि आजीच्या ओव्या



आमच्या मावशीची धाकटी मुलगी यंदा बारावीच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. गावात पेढे वाटले गेले, रविवारी मिस्सानंतर फादरांनी तिचे कौतुक केले, आणि त्याच दिवशी दुपारी घरात वादास तोंड फुटले. मुलीला मुंबईच्या कॉलेजात नाव घालून वसतिगृहात राहावयाचे आहे. मावशीला ते पसंत आहे. काकांस, म्हणजे तिच्या यजमानांस, नाही. खर्चाचा प्रश्न आहेच. राहुरीकडील दोन एकर उसावर पाच माणसांचे घर चालते. परंतु काकांची खरी अडचण पैशाची नव्हे. दूरध्वनीवर ते आम्हांस म्हणाले, "हे बघ बाई, तू शहरात वाढलीस, तुझी गोष्ट निराळी. आमची पोर एकदा कॉलेजात गेली की आमची राहायची नाही. आमचे बोलणे तिला गावंढळ वाटेल, आमचे सणवार जुनाट वाटतील. तू एवढी शिकलीस, पेपरात लिहितेस. मला इतकेच सांग, कॉलेज मुलीला देते काय आणि तिच्याकडून घेते काय?"

याचे उत्तर आपल्या साप्ताहिकातील या सदरातूनच देऊ, असे आम्ही त्यांस मोठ्या ऐटीत सांगून टाकले. उत्तर जिभेवर तयारच होते. स्त्रीशिक्षणावर कॉलेजातील वक्तृत्व स्पर्धेत आम्ही एकदा बक्षीस मिळविले आहे. त्यातीलच चार परिच्छेद उतरवून काढले असते तरी सदर भरले असते. परंतु लिहावयास बसण्यापूर्वी आम्ही तिघी मैत्रिणी आठ दिवसांसाठी माळव्यात जाऊन आलो, आणि ते तयार उत्तर तेथेच कोठे तरी गळून पडले. म्हणून आज काकांच्या प्रश्नाचे उत्तर वळसा घेऊन, इंदूर, देवास आणि धार या वाटेने द्यावे लागत आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमच्यापैकी एकीचे आजोळ देवासला आहे, तेही मराठी घरातले. दुसरी मैत्रीण मुंबईतील मुसलमान कुटुंबातली. तिसऱ्या आम्ही. मुंबईहून रात्री निघालेल्या गाडीने सकाळी इंदूर गाठले. स्थानकाबाहेर पोहे आणि जिलेबी यांची एकत्र न्याहरी पाहून आम्हांस नवल वाटले. दोन घास खाल्ल्यावर ते नवल राहिले नाही. इंदूर म्हटले की अहिल्याबाई होळकरांचे नाव ओघानेच येते. त्यांचे स्मरण आम्हांस या वेळी निराळ्या कारणाने झाले. ही बाई माळव्याची नव्हे. ती आपल्या चौंडीची, जामखेड तालुक्यातली. १७२५ साली तिचा जन्म झाला. ज्या काळी मुलीच्या हाती अक्षर देण्याची रीत नव्हती त्या काळी तिला लिहितावाचता येत होते. लहान वयात लग्न होऊन ती दूरच्या मुलखात गेली आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत, मरेपावेतो, तिने महेश्वरहून राज्यकारभार चालविला. आज आपल्या जिल्ह्याला तिचेच नाव दिलेले आहे. काकांचे घर त्याच जिल्ह्यात आहे. मुलगी दूर गेली की आपली राहत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या नावाची पाटी एकवार वाचावी, असे एक वाक्य आम्ही तेथल्या तेथे मनात जुळविले आणि स्वतःवर खूश झालो. ही खुशी फार काळ टिकावयाची नव्हती.

इंदुराहून देवास सुमारे तासाभराच्या वाटेवर आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजीराव पेशव्यांच्या बरोबर उत्तरेत गेलेल्या पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी येथे गादी स्थापन केली. त्या गादीच्या पुढे दोन झाल्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक आणि राजे दोन. दोन राजवाडे, दोन दरबार, आणि गावातील वस्तीही दोघांत वाटलेली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आली. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्या पदरी १९२१ साली एक इंग्रज लेखक काही महिने खाजगी चिटणीस म्हणून राहिला होता. ई. एम. फॉर्स्टर हे त्याचे नाव. हिंदुस्थानावरील त्याची कादंबरी १९२४ साली निघाली व जगभर गाजली. देवासहून त्याने घरी धाडलेली पत्रे १९५३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती कादंबरी आम्हांस कॉलेजात अभ्यासाला होती. देवासविषयी आम्हांस जे काही ठाऊक होते ते एवढेच. एका इंग्रजाने देवासविषयी काय लिहिले हे आम्ही वाचले होते. देवासच्या मराठी माणसाने काय पाहिले, काय गायिले, याचा आम्हांस पत्ता नव्हता. ही पहिली ठेच.

मैत्रिणीचे आजोळ माताजीच्या टेकडीपासून फार दूर नाही. तिच्या आजीबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांची मराठी आपल्या मराठीहून किंचित निराळी. मधूनच एखादा हिंदी शब्द येतो, वाक्याचा हेल माळव्याचा. नातवंडे त्यांच्याशी हिंदीत बोलतात, आणि त्या त्यांस मराठीत उत्तर देतात. संध्याकाळी अंगणात बसलो असता त्यांनी आम्हांस विचारले, "तुम्ही इथे काय पाहायला आलात गं? राजवाडा?" आम्ही आपले ज्ञान दाखविण्यासाठी फॉर्स्टरचे नाव घेतले. त्यांनी ते कधी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या, "तो कोण असेल तो असो. तुम्ही कुमारांचे घर पाहून या."

कुमार म्हणजे पंडित कुमार गंधर्व. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी त्यांचे गाणे आकाशवाणीवर ऐकले असेल. त्यांची हकीकत मात्र सर्वांस ठाऊक असेलच असे नाही. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. १९२४ साली बेळगाव भागातील सुळेभावी गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच त्यांच्या गळ्याची कीर्ती झाली. मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्यापाशी ते शिकले. ऐन तारुण्यात त्यांस क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या आरंभी ते देवासला येऊन राहिले. एक फुप्फुस निकामी झाल्यासारखे होते आणि वैद्यांनी गाण्यास सक्त मनाई केली होती. गाणे हाच ज्याचा प्राण, त्या माणसाने सुमारे सहा वर्षे न गाता अंथरुणावर काढली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध हाती आले आणि हळूहळू ते बरे झाले.

या सहा वर्षांत त्यांनी काय केले? त्यांनी ऐकले. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नकार्यातील गाणी, पावसाळ्यातील गाणी, दारोदार फिरणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांची भजने. अंथरुणावरच्या माणसाला दुसरे करण्यासारखे काही नव्हते. पण ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आले की, दरबारात आणि सभागृहात ज्या रागांचा एवढा मान, त्यांचे बीज या अडाणी म्हणविणाऱ्या बायकांच्या गळ्यात आहे. त्या धुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. मालवती, संजारी, लगनगांधार ही त्यांतील काही नावे. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा माळव्याच्या खेड्यांतील गाणी त्यांनी मोठ्या शहरांच्या रंगमंचांवर नेली. १९९० साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. १९९२ साली देवासलाच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या घराचे नाव 'भानुकुल' आहे. हे नाव कोणाचे, हे आम्ही विचारले तेव्हा आजीबाईंचा आवाज हळू झाला. भानुमती ही त्यांची पहिली पत्नी. मुंबईस देवधरांच्याच विद्यालयात शिकलेली. १९४७ साली लग्न झाले आणि संसार मांडतो न मांडतो तोच नवरा अंथरुणास खिळला. परका मुलूख, मिळकत बंद, औषधपाण्याचा खर्च. त्या काळी क्षय म्हटले की शेजारीसुद्धा उंबरठ्याबाहेरून विचारपूस करीत. भानुमतीबाईंनी शाळेत शिकविण्याची नोकरी धरली, घर चालविले आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. १९६१ साली त्या वारल्या. आजीबाई म्हणाल्या, "लोक म्हणतात, औषधाने कुमार वाचले. औषध घ्यायला पैसा लागतो ना गं? तो त्या बाईने शाळेत उभे राहून मिळवला."

काका, हे वाक्य आम्ही तुमच्यासाठी लिहून आणले आहे. आपण मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना म्हणतो की, हिला कोठे नोकरी करावयाची आहे? नवरा मिळवील, ही घर सांभाळील. परंतु घर सांभाळण्याचा अर्थ काय, हे घरावर संकट येईपर्यंत कोणाला कळत नाही. ज्या दिवशी मिळविणारा हात थांबतो, त्या दिवशी दुसऱ्या हातात विद्या आहे की नाही याचा निकाल लागतो.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या संध्याकाळी आजीबाईंनी लग्नातील दोन माळवी गाणी म्हणून दाखविली. मग आमच्याकडे वळून त्यांनी सहज विचारले, "तुझी आजी जात्यावर काय म्हणायची गं?" आम्ही आठवू लागलो. एका ओवीचा पहिला चरण आठवला, दुसरा नाही. दुसरीचा शेवट आठवला, आरंभ नाही. तिसरीची नुसती चाल. आम्ही गप्प झालो.

वाचकहो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हांस लोकसाहित्यावर एक प्रबंध लिहावयाचा होता. आम्ही ग्रंथालयातून पाच पुस्तके आणली आणि जात्यावरील ओव्यांवर चौदा पाने लिहिली. स्त्रीमनाचा आविष्कार, श्रम आणि लय यांचे नाते, असे मोठमोठे शब्द त्यात होते. चांगले गुण मिळाले. ज्या दिवसांत आम्ही हे लिहीत होतो, त्याच दिवसांत आमची आजी राहुरीकडील त्या घरात ओसरीवर बसलेली होती. तिला सासरच्या ओव्या येत, माहेरच्या येत, मरियामातेच्या आणि बाळ येशूच्या येत. हरेगावच्या यात्रेस चालत जाताना बायका वाटेत तिलाच पुढे घालीत. एकदा तिचा दूरध्वनी आला; आम्ही काय अभ्यास करतो हे तिने विचारले आणि विषय कळताच हसून म्हणाली, "अगं, मग मलाच विचार की!" आम्ही मैत्रिणींच्या घोळक्यात होतो. तिचे ते मोठ्याने बोलणे, ते गावाकडचे हेल शेजारी उभ्या असलेल्यांस ऐकू येत असतील या विचाराने आम्हांस अवघडल्यासारखे झाले. "नंतर बोलू, आजी," असे म्हणून आम्ही फोन ठेवला. ते नंतर कधी आलेच नाही. गेल्या पावसाळ्यात ती देवाघरी गेली. तिच्याबरोबर किती ओव्या गेल्या याची मोजदाद आता कोणीही करू शकणार नाही. आमच्यापाशी ती चौदा पाने मात्र सुरक्षित आहेत.

तेव्हा काकांची भीती खोटी नव्हे. ती निराधार असती तर हे सदर लिहिणे सोपे झाले असते. एका घरात तरी ती अक्षरशः खरी ठरली आहे, आणि ती आमच्या हातून खरी ठरली. परंतु दोष कोणाचा, हे नीट पाहावयास हवे. आजीचे बोलणे हलके आहे असे आम्हांस कोणा प्राध्यापकाने शिकविले नव्हते. उलट त्यांनी ओव्यांचा मान राखूनच तो विषय दिला होता. लाज आमचीच होती. ती आम्ही घरून नेली होती की शहराच्या हवेत आम्हांस लागली, हे सांगणे कठीण आहे. विद्येने आमच्या डोळ्यांना चष्मा दिला. कान आम्ही आपल्या हातांनी बंद केले. आणि गंमत अशी की, ज्या कुमारांस शाळेचे शिक्षण बेताचेच मिळाले, त्यांनी आजारी अंथरुणावर पडून जे ऐकले, ते आम्ही धडधाकट असून, पदवीपर्यंत शिकून, ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही धारला गेलो. पवारांची दुसरी शाखा येथे राज्य करीत होती. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. त्याहून पुष्कळ आधी, अकराव्या शतकात, भोज राजाची ही राजधानी होती. गावात लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत; ते जोडले तर लांबी १३ मीटरांहून अधिक भरते, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाहूनही मोठी.

धारला आम्हांस आपला एक माणूस भेटला. म्हणजे त्याचे काम भेटले. रघुनाथ कृष्ण फडके हे शिल्पकार वसईचे, १८८४ सालचा जन्म. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी फडक्यांचे काम पाहिलेले आहे. धारच्या महाराजांच्या निमंत्रणावरून ते तेथे जाऊन राहिले आणि तेथेच त्यांनी शिष्य घडविले. १९६१ साली त्यांस पद्मश्री मिळाली; १९७२ साली ते वारले. फडके स्टुडिओ हे नाव धारमध्ये अजून घेतले जाते. दूर गेलेला माणूस तुटतोच असे नाही. वसईच्या माणसाने धारला घर केले, बेळगावच्या माणसाने देवासला; दोघेही परके राहिले नाहीत आणि दोघांनीही आपले मूळ टाकले नाही.

धारला गेल्यावर भोजशाळेचा विषय टाळता येत नाही. त्या वास्तूस हिंदू वाग्देवीचे मंदिर म्हणतात, मुसलमान कमाल मौला मशीद म्हणतात. २००३ साली पुरातत्त्व खात्याने मंगळवारी हिंदूंनी पूजा करावी आणि शुक्रवारी मुसलमानांनी नमाज पढावा अशी वाटणी करून दिली होती. २०२४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तेथे पाहणी झाली. या वादात कोणाचे खरे, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. ते काम न्यायालयाचे आहे. आम्ही बाहेरूनच पाहून परतलो. परंतु एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. धार संस्थानच्या शिक्षण खात्यात काशिनाथ कृष्ण लेले नावाचे एक अधिकारी होते. १९०३ साली तेथील दगडांवर कोरलेले एक संस्कृत नाटक त्यांच्या अभ्यासातून उजेडात आले. मदन कवीचे 'पारिजातमंजरी' हे ते नाटक. त्याच वास्तूत खांबांवर सर्पाकृती रेषांमध्ये वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले आहेत. म्हणजे कोणे एके काळी कोणी तरी दगडावर धडा कोरून ठेवला होता, आणि शेकडो वर्षांनी एका शिक्षणाधिकाऱ्याने तो वाचला.

बसमध्ये परत येताना आम्हां तिघींत वाद झाला. वाद म्हणजे खराखुरा वाद, आवाज चढलेला. देवासच्या मैत्रिणीचे म्हणणे एक, दुसरीचे म्हणणे दुसरे, आणि आमचे दोघींनाही न पटणारे. थोड्या वेळाने तिघीही गप्प बसलो. मग एकीने डब्यातील पुऱ्या काढल्या आणि तिघींनी वाटून खाल्ल्या. घरी पोहोचेपर्यंत कोणाचेही मत बदलले नव्हते आणि कोणाचीही मैत्री तुटली नव्हती. काका, कॉलेज काय देते असे तुम्ही विचारले होते. आपल्या गल्लीत, आपल्या वाडीत, आपल्याच माणसांत राहून आम्हांस हे कधी मिळाले नसते. ज्यांचा देव निराळा, ज्यांचे घर निराळे, त्यांच्या शेजारी एका बाकावर तीन वर्षे बसल्यावाचून माणसाला भांडूनही एकत्र जेवता येत नाही.

धारच्याच संबंधात आणखी एका मुलीची गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. मार्गारेट ओहारा ही कॅनडातील तरुणी. ती प्रॉटेस्टंट पंथाची. त्या काळी वैद्यकीच्या वर्गात मुली नकोत असे पुष्कळ पुरुषांस वाटे. तरीही १८९१ साली तिने डॉक्टरची पदवी मिळविली, आणि त्याच वर्षी ती मध्य भारतात आली. पुढे धारला तिने रुग्णसेवा उभी केली आणि १९२७ पर्यंत, म्हणजे सुमारे ३५ वर्षे, ती या भागात राहिली. पुरुष वैद्यास नाडीही दाखविण्यास लाजणाऱ्या बायका तिच्यापाशी येत. तिच्या गावी तिच्याही बापास कोणी तरी विचारलेच असेल की, पोरीला शिकवून काय मिळविलेत?

आणि शेवटी जिचे नाव आपणां सर्वांच्या ओठांवर आहे ती धन्यवादित राणी मारिया. तिचे कार्यक्षेत्र उदयनगर हे देवास जिल्ह्यातच आहे. या खेपेस तेथे जाणे झाले नाही, याची आम्हांस चुटपुट लागून राहिली. केरळातील पुल्लुवळी गावी १९५४ साली तिचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघात जाऊन ती उत्तरेत आली, हिंदी शिकली, समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९९२ पासून उदयनगर भागातील आदिवासींमध्ये तिने काम केले. त्या लोकांची जमीन आणि श्रम सावकारांच्या वह्यांत अडकलेले होते. तिने त्यांस बचत शिकविली, सरकारी योजना आणि बँकेचे कर्ज कसे मिळवावे हे दाखविले. म्हणजे तिने पदवी भिंतीवर टांगली नाही. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ती कागद वाचू लागली. तेच काहींस खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदुरास जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, तिचा सुऱ्याने खून झाला. ती ४१ वर्षांची होती. मारणाऱ्यास जन्मठेप झाली. २००२ साली तिची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाच्या मनगटावर राखी बांधली. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियाला धन्यवादित घोषित करण्यात आले.

राखी बांधणे ही कोणाची रीत? केरळातील ख्रिस्ती घरांत ती नव्हे. ज्या मुलखात जाऊन राहिलो, त्या मुलखाची रीत त्या भगिनींनी आपली मानली, आणि आपल्या प्रभूने शिकविलेली क्षमा त्या धाग्यात ओवली. संस्कृती म्हणजे काय, या विषयावर आम्ही कॉलेजात पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. त्या सर्वांहून हा एक धागा आम्हांस अधिक समजला.

तेव्हा काका, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. कॉलेज मुलीला काय देते? संकटाच्या दिवशी उभे राहण्याचे बळ देते. परक्याच्या शेजारी बसण्याची सवय देते. दुसऱ्याचा कागद वाचून देण्याची पात्रता देते. आपल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. लोकसभेत आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांस देणारी घटनादुरुस्ती संसदेने २०२३ साली संमत केली आहे. या जागांवर कोणी तरी बसणारच. तुमच्या गावची जी बाई सदस्य आहे, तिच्या वतीने सभेत तिचा नवराच बोलतो, अशी तक्रार तुम्हीच आमच्यापाशी केली होती. उद्या तेथे स्वतः बोलणारी बाई हवी असेल तर आज कोणाची तरी मुलगी घराबाहेर पडली पाहिजे. ती तुमची का नसावी?

आणि कॉलेज काय घेते? काका, ते आपण होऊन काही घेत नाही. परंतु मुलगी निष्काळजी असेल तर तिच्या हातून पुष्कळ काही गळून पडते, आणि गळताना आवाज होत नाही. आमच्या हातून काय गळाले ते वर लिहिले आहे. ते लिहिताना लाज वाटली. पण ती लाज योग्य जागी होती.

म्हणून आमची विनंती अशी : मुलीस जाऊ द्या. खर्चासाठी शिष्यवृत्ती आणि फीच्या सवलती कोणत्या आहेत, याची चौकशी आम्ही कॉलेजच्या कार्यालयात स्वतः जाऊन करू. आमच्या धाकट्या बहिणीस मात्र एक अट घालतो. जाण्यापूर्वी एक कोरी वही घे. मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, आजीच्या काही ओव्या अजून येतात. गावातील दोन-तीन म्हाताऱ्यांनाही येतात. त्यांच्याजवळ बसून त्या वहीत उतरून घे. चाल हातातील फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेव. ती वही वसतिगृहातील तुझ्या टेबलावर, पाठ्यपुस्तकांच्या वर असू दे. आणि घरून फोन आला की मैत्रिणींच्या घोळक्यात उभी असलीस तरी मोठ्याने, आपल्या गावच्या बोलीत बोल.

हा अंक काकांच्या हाती पडेल तेव्हा प्रवेशाची मुदत संपावयास जेमतेम आठ दिवस उरलेले असतील. त्यांनी काय ठरविले, हे पुढे कधी तरी वाचकांस कळवूच. तोवर ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आज रात्रीच्या रोझरीनंतर तिच्यापाशी पाच मिनिटे बसावे, एवढेच मागणे.